ऑस्टॉमीनंतर पुन्हा एकट्याने राहायला लागताना : तरुण मुलामुलींसाठी धागा

रानजाई

नमस्कार. ज्यांच्या पोटावर स्टोमा (ऑस्टॉमीच्या ऑपरेशनात मल किंवा लघवीसाठी पोटावर केलेलं तोंड, त्यावर पिशवी लावतात) आहे किंवा लवकरच होणार आहे अशा विशी-पंचविशीतल्या मुलामुलींसाठी हा धागा काढते आहे. घरच्यांनीही वाचावा. मराठीत या विषयावर जे थोडंफार सापडतं ते बहुतेक साठीच्या आसपासच्या रुग्णांना समोर ठेवून लिहिलेलं असतं. हॉस्टेल, मेस, पहिली नोकरी, बसमधली गर्दी, लग्नाची बोलणी यातलं त्यात काही नसतं. आपल्याला तर रोज तेच लागतं.

माझ्याबद्दल थोडक्यात. कॉलेजात असताना अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला आतून सूज येऊन व्रण पडतात तो आजार) निघाला. स्टिरॉइड झाली, मोठी महागडी इंजेक्शनं झाली, पण रक्त पडणं थांबेना. शेवटी बाविसाव्या वर्षी मोठं आतडं काढावं लागलं आणि इलिओस्टॉमी झाली. म्हणजे लहान आतड्याचं टोक पोटाच्या उजव्या बाजूने बाहेर आणून शिवलं. मोठ्या आतड्याचं टोक बाहेर आणलं तर ती कोलोस्टॉमी, आणि लघवीसाठी वाट केली तर युरोस्टॉमी. आज मी पुण्यात मैत्रिणीबरोबर भाड्याच्या घरात राहते, नोकरीला जाते, स्कूटर चालवते.

ऑपरेशननंतर भेटायला येणारा प्रत्येक जण मला सांगायचा, "मन खंबीर कर, आत्मविश्वास आला की सगळं जमेल." माझा अनुभव उलट्या क्रमाचा आहे. आधी हात शिकले, मन बरंच मागून आलं. पिशवी गळली तर काय करायचं हे हातांना माहीत नव्हतं तोवर कितीही खंबीर मन मला घराबाहेर काढू शकत नव्हतं. ज्या दिवशी ते माहीत झालं त्या दिवसापासून भीती कमी व्हायला लागली, आणि त्यासाठी मला कोणत्याही भाषणाची गरज पडली नाही.

सुरुवातीला आई बदलायची पिशवी. ती फार नीट करायची, माझ्यापेक्षा नीट. मी छताकडे बघत पडून राहायचे. पण मग आईला मावशीकडे जायचं असलं तरी अडायचं आणि मला कुठेच जायचं नसलं तरी अडायचं. स्टोमा क्लिनिकमधल्या सिस्टरांनी एकदा कात्री सरळ माझ्या हातात दिली आणि आईला बाहेर बाकावर बसायला सांगितलं. त्या उपकाराची फेड नाही.

आता माझी पद्धत सांगते. सकाळी उठल्याबरोबर, चहासुद्धा घ्यायच्या आधी बदलते, कारण रात्रभर पोट रिकामं असल्याने तेव्हा आतडं सगळ्यात शांत असतं. जेवणानंतर तासाभरात बदलायला बसलं तर ते थांबायचं नाव घेत नाही. जुनी प्लेट (कातडीला चिकटणारी चकती, तिलाच पिशवी लागते; काही जण फ्लेंज म्हणतात) ओढून काढायची नाही. एका हाताने कातडी दाबून धरायची आणि दुसऱ्याने वरून खाली हळूहळू सोलत आणायची. मग कोमट पाणी आणि मऊ कापड. तेलकट किंवा सुगंधी साबण नको, त्याचा थर राहिला की नवी प्लेट धरत नाही. पुसताना स्टोमाला थेंबभर रक्त आलं तर घाबरू नका, तिथे रक्तवाहिन्या अगदी वरवर असतात. स्टोमाला स्वतःला दुखत नाही, त्यात वेदनेच्या नसा नसतात. म्हणूनच त्याला काही लागतं-खुपतं आहे का हे डोळ्यांनी पाहावं लागतं. तो लाल किंवा गुलाबी आणि ओलसर दिसला की ठीक. जांभळा-काळा पडला तर थांबायचं नाही, लगेच रुग्णालय.

कातडी पूर्ण कोरडी झाल्यावर प्लेट लावायची. तिचं भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं कापायचं. जास्त मोठं कापलं तर मधल्या उघड्या कातडीवर इलिओस्टॉमीचा पाचक रस पडतो आणि ती अक्षरशः सोलवटते. पहिले सहा ते आठ आठवडे स्टोमा आकसत जातो, म्हणून तेव्हा दर वेळी मोजून कापा. लावल्यावर तळहात ठेवून काही मिनिटं शांत बसायचं, अंगाच्या उबेने गोंद नीट बसतो. पिशवी तिसरा हिस्सा भरली की रिकामी करायची. काठोकाठ भरू दिली की वजनाने प्लेट सुटते.

हे सगळं इतकं सविस्तर लिहिलं कारण माझ्या मते स्वातंत्र्य इथून सुरू होतं. प्रश्न विचारा, कोणताही चालेल.

परळकर

रानजाई, फार गरजेचा धागा. मी आता पन्नाशी ओलांडली आहे, पण माझी कोलोस्टॉमी तिशीच्या आत झाली, गुदाशयाच्या कॅन्सरमुळे. त्यामुळे 'तरुणपणी' या शब्दात मीही बसतो. टाटा मेमोरियलमध्ये ऑपरेशन झालं. दोन दिवस मी भिंतीकडे तोंड करून होतो. मग एक गृहस्थ भेटायला आले, इस्त्रीचा शर्ट-पँट, हातात छत्री. बसले, गप्पा मारल्या, आणि जाताना म्हणाले की माझ्याही पोटावर पिशवी आहे. मी त्यांच्याकडे अर्धा तास बघत होतो आणि मला कळलं नव्हतं. ते ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडियाचे स्वयंसेवक होते. ही ऑस्टॉमी झालेल्यांनीच चालवलेली मुंबईतली जुनी संस्था. पुढे मी स्वतः तसा वॉर्डात जायला लागलो. डॉक्टरांच्या दहा वाक्यांनी होत नाही ते समोर उभा असलेला, कामाला जाणारा माणूस पाहून होतं. ज्याचं ऑपरेशन ठरलं आहे त्याने आधीच आपल्या रुग्णालयात विचारावं, असं कोणी भेटू शकेल का.

डाव्या बाजूच्या कोलोस्टॉमीवाल्यांसाठी एक गोष्ट. इरिगेशन नावाची पद्धत आहे. ठरलेल्या वेळी शंकूच्या आकाराच्या नळीने स्टोमातून कोमट पाणी आत सोडून आतडं रिकामं करायचं. त्यानंतर बरेचदा दिवसभर, काहींना दोन दिवसही, काही येत नाही. वर छोटी टोपी किंवा नुसतं गॉझ लावून माणूस कामाला जातो. पिशव्यांचा खर्चही वाचतो. मी सकाळी लवकर उठून पाऊणएक तास त्यात घालवतो आणि मग सुटतो. पण हे डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर आणि सिस्टरांकडून शिकूनच करायचं. इलिओस्टॉमीला हे चालत नाही.

रंकाळा_०५

ताई, मी कोल्हापूरचा, वय १९. आतड्याचा टीबी होता ते कळायच्या आधीच आतडं फुटलं. रात्रीत ऑपरेशन, शुद्धीवर आलो तर पोटावर इलिओस्टॉमीची पिशवी. आधी कोणी काही सांगितलंच नव्हतं, वेळच नव्हता. टीबीच्या गोळ्या चालू आहेत. कोर्स झाल्यावर तपासण्या करून आतडं परत जोडू म्हणालेत. इंजिनीअरिंगचं पहिलं वर्ष अर्धवट सुटलं आहे, कॉलेज आणि हॉस्टेल सांगलीला.

घरचे म्हणतात, "तात्पुरतंच आहे ना, बंद होईपर्यंत घरीच थांब." मला घरात राहून डोकं फिरल्यासारखं झालंय. पिशवी आई बदलते. बाबा खोलीच्या बाहेर उभे राहतात. मित्रांचे फोन उचलत नाही. काय सांगू त्यांना तेच कळत नाही.

अजून एक, लघवी एकदम नारिंगी होते. हे पिशवीमुळे आहे का?

स्टोमा_सिस्टर

रंकाळा, तुझ्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते. टीबीच्या औषधांत रिफाम्पिसिन असतं, त्याने लघवी नारिंगी होते. घाम आणि अश्रूसुद्धा तसे होऊ शकतात. त्याने अपाय नाही. पण तुझ्या बाबतीत एक पेच आहे. इलिओस्टॉमीवाल्याला अंगातलं पाणी कमी झालं की नाही हे आम्ही लघवीच्या रंगावरून ओळखायला सांगतो, आणि तुझा रंग औषधाने बदललेला आहे. म्हणून तू रंग बघू नकोस, प्रमाण बघ. लघवी कमी होणं, जीभ कोरडी पडणं, उभं राहिल्यावर चक्कर, पायात गोळे येणं ही तुझी लक्षणं.

मोठं आतडं पाणी आणि मीठ परत शोषून घेण्याचं काम करतं. तुझा मल तिथपर्यंत पोहोचतच नाही. त्यामुळे पाण्याबरोबर मीठही जातं. नुसतं साधं पाणी ढोसून उपयोग होत नाही, उलट कधीकधी पिशवीत जास्त उतरतं. ओआरएस हाताशी ठेव. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर पण सोडियम कमी, म्हणून त्याच्या भरवशावर राहू नकोस. मीठ घातलेलं ताक, पेज हे उत्तम. दिवसाला पिशवीत साधारण अर्धा ते पाऊण लिटर येणं नेहमीचं. दीड लिटरच्या वर जायला लागलं तर डॉक्टरांना लगेच कळव. घरी एक मापाचं भांडं वेगळं ठेव, अंदाजाने सांगू नकोस.

दुसरी धोक्याची खूण : काही तास पिशवीत काहीच न येणं, पोटात कळा, फुगणं, उलटी. याला अडकणं म्हणतात. घरगुती उपाय करत बसू नये. जुलाबाचं औषध तर कधीच घ्यायचं नाही.

आणि सगळ्यांसाठी एक : ऑपरेशन ठरवून होणार असेल तर आधी पोटावर जागेची खूण करून घ्या. हा तुमचा हक्क समजा. खूण करताना नुसतं आडवं झोपवून पाहणं पुरेसं नाही. बसवून, उभं करून, वाकवून पाहायला हवं. आपल्याकडे मांडी घालून जेवायला बसतात, उकिडवं बसतात, साडीची किंवा सलवारची नाडी एका ठराविक उंचीवर येते. वळीत किंवा नाडीखाली आलेला स्टोमा पुढे अनेक वर्षं छळतो. टाटा मेमोरियलमध्ये या विषयाचं, म्हणजे एन्टेरोस्टोमल थेरपीचं, नर्सेसना वेगळं प्रशिक्षण मिळतं. तुमच्या शहरात अशी प्रशिक्षित सिस्टर कुठे आहे ते आधीच शोधून ठेवा.

रानजाई

सिस्टर, धन्यवाद, तुमच्यासारखं कोणीतरी इथे येईल अशी आशा होती.

रंकाळा, 'तात्पुरतं' या शब्दाची मला धास्ती वाटते. माझ्या ओळखीत असे दोघं आहेत ज्यांनी जोडणी होईपर्यंत काहीच करायचं नाही असं ठरवलं. तारीख पुढे गेली, मग आणखी पुढे गेली, आणि तेवढं आयुष्य तसंच पडून राहिलं. काही महिने असोत की कायमचं, पिशवी बदलायला शिकायला जो वेळ लागतो तो दोन्हीकडे सारखाच. तू शीक. आईला सांग की पुढच्या वेळी तू करणार आणि ती बघणार. त्याच्या पुढच्या वेळी ती दाराबाहेर. आईला वाईट वाटेल, तिला वाटेल मुलाने दूर लोटलं. तिला दुसरं काम दे : प्लेटा मागवणं, किती उरल्या त्याची नोंद ठेवणं. माझ्या आईने ते इतकं मनावर घेतलं की अजून दर महिन्याला फोन करून विचारते.

मित्रांबद्दल : सगळ्यांना सगळं सांगायचं बंधन नाही. एकालाच निवड. त्याला पूर्ण सांग, हवं असेल तर रिकामी पिशवी हातात देऊन दाखव. बाकीच्यांना "आतड्याचं मोठं ऑपरेशन झालं, खाण्यापिण्याचं सांभाळावं लागतं" एवढं बास. तो एक जण हॉस्टेलवर तुझ्या खूप कामी येईल.

गोदाकाठ

मी आई आहे, नाशिकहून. मुलीला क्रोन्सचा आजार (आतड्याला वारंवार सूज येते तो), एकोणिसाव्या वर्षी इलिओस्टॉमी. रानजाईचं वाचून सकाळपासून विचार करते आहे. मुलीला रात्री झोप लागली की मी जाऊन पिशवी चाचपून यायचे. ती एकदा म्हणाली, "आई, मला लहान बाळ झाल्यासारखं वाटतं." मला तेव्हा राग आला होता, इतकं करून हे ऐकायचं का, असं वाटलं. मग सिस्टरांनी तिला रात्री स्वतः एकदा उठून रिकामी करायची सवय लावली, मोबाईलच्या गजराने. रात्रीचं जेवण लवकर, गादीवर खाली रबरी चादर. तेव्हापासून मीही झोपायला लागले.

जेवणाचं सांगते, ते माझं खातं. पहिले दीड-दोन महिने मऊ : आटवल, मुगाची खिचडी, साबुदाणा, केळं, दही-भात. पातळ होत असेल तर साबुदाणा आणि केळं याने घट्ट होतं. नंतर एकेक पदार्थ थोडा थोडा, दिवसाला एकच नवा. आमच्याकडे अडकण्याची भीती ओलं खोबरं, मक्याचं कणीस, शेंगदाणे, संत्र्याची पांढरी साल यांची, त्यामुळे ती खूप चावून, कमी प्रमाणात. शेवग्याची शेंग ती चोखून टाकते. कोबी, मुळा, कांदा, मटकीची उसळ याने पिशवी हवेने फुगते, म्हणून कॉलेजच्या दिवशी नाही, रविवारी हवं तितकं. बीटाची कोशिंबीर खाल्ली की पिशवीत लाल दिसतं. आधी लक्षात ठेवलं नाही तर उगाच धावपळ होते.

मुक्ताई_२१

मला वेगळंच विचारायचंय. घरी गणपती असतो पाच दिवस. ऑपरेशननंतरच्या पहिल्या गणपतीत आजी म्हणाली, "तू लांबूनच नमस्कार कर, पोटावर ते आहे ना." आईबाबा काही बोलले नाहीत. मी पाच दिवस आतल्या खोलीत होते. पिशवीच्या वासापेक्षा, गळण्यापेक्षा मला हे जास्त लागलं. कुणाच्या घरी असं झालंय का?

परळकर

मुक्ताई, झालंय. माझ्या आईने नव्हे, पण नात्यातल्या एकांनी सत्यनारायणाला मला बसू दिलं नाही. तेव्हा आमच्या घरचे गुरुजी, चांगले वयस्कर, त्यांनीच विषय संपवला. म्हणाले, प्रत्येकाच्या पोटात तेच आहे, याच्या पोटाबाहेर आहे एवढंच, आंघोळ करून बसू दे. मी बसलो. तुझ्या आजीशी बोलायला असं कोणी मोठं माणूस, ज्यांचा शब्द ती मानते, घरात असेल तर त्यांना आधी विश्वासात घे. तू एकटीने भांडू नकोस, आणि पुढच्या वर्षी आतल्या खोलीत मुळीच बसू नकोस.

रानजाई

मुक्ताई, वाचून पोटात तुटलं. तू आरतीला उभी राहा. आईबाबांना स्पष्ट सांग की त्यांचं गप्प राहणं तुला किती लागलं. बरेचदा त्यांना कळलेलंच नसतं. नीट बसलेल्या बंद पिशवीचा वास बाहेर येत नाही. येतो तो रिकामी करताना, आणि तो कोणाच्याही संडासात येतो. वास कायम येत असेल तर समजायचं की प्लेट कुठेतरी सुटली आहे. म्हणजे तो अपमान मानून खचायचं कारण नाही, ती तपासायची खूण आहे.

टेम्सकाठी

मी मूळची सातारची, सध्या लंडनजवळ शिकते. इथे आल्यावर कोलायटिस बळावला आणि इथेच ऑपरेशन झालं. इथली व्यवस्था सांगते, कारण काय मागायचं हे तरी आपल्याला कळेल. ऑपरेशनच्या आधीच स्टोमा नर्स भेटली, तिने खूण केली, घरी सरावाला पिशवी दिली. इंग्लंडमध्ये कायमचा स्टोमा असेल तर औषधांच्या चिठ्ठीचं शुल्क माफ होतं आणि सगळं सामान घरपोच येतं. १९८१ पासून इथे एक किल्लीची योजना आहे : एकाच प्रकारची किल्ली, ती देशभरातल्या हजारो अपंगस्नेही स्वच्छतागृहांना लागते. ती किल्ली मिळाल्यावर मी पहिल्यांदा एकटी रेल्वेने लांब गेले.

गेल्या सुट्टीत घरी आले तेव्हा फरक जाणवला तो संडासांचा. बसस्थानकावर कडी नाही, पाणी नाही, पिशवी टाकायला डबा नाही. मग मी पाण्याची बाटली, जुनी वर्तमानपत्रं आणि काळ्या पिशव्या घेऊनच फिरले. आपल्याकडे हिमतीचे सल्ले पुष्कळ मिळतात. स्वच्छ संडास मिळाला तर निम्मी हिंमत आपोआप येईल.

परळकर

टेम्सकाठीशी शंभर टक्के सहमत. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात स्टोमाचा स्वतंत्र उल्लेख नाही. एक प्लेट काहीशे रुपयांची, ती दर तीन-पाच दिवसांनी बदलायची, आणि नोकरी नसलेल्या तरुणाला ते आईवडिलांच्या खिशातून. ज्याला स्वतःच्या पायावर उभं राहायचं आहे त्याच्यासाठी हा खर्चच सगळ्यात मोठी बेडी आहे. खालून उघडणारी पिशवी गार पाण्याने धुऊन पुन्हा वापरणारे असंख्य आहेत, मीही वापरली आहे. प्लेट मात्र परत वापरू नका, कातडीचे हाल होतात.

अवांतर, पण या धाग्याला धरूनच आहे. आज आपण जी चिकटणारी पिशवी वापरतो ती एका तरुण बाईच्या घाबरण्यातून आली. डेन्मार्कमधली परिचारिका एलिझ सोरेनसेन, तिच्या धाकट्या बहिणीला, थोराला, स्टोमा झाला. गळेल या भीतीने थोरा घराबाहेर पडेना. तेव्हा एलिझने १९५४ मध्ये चिकट कडा असलेल्या, वापरून टाकायच्या पिशवीची कल्पना मांडली, आणि त्यातून १९५७ मध्ये कोलोप्लास्ट कंपनी उभी राहिली. त्याच सुमारास अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉ. रूपर्ट टर्नबुल यांनी स्टोमाभोवतीच्या कातडीसाठी कराया डिंक वापरायला सुरुवात केली. हा डिंक येतो आपल्या रानातल्या कांडोळाच्या झाडापासून, ज्याला पांढऱ्या खोडामुळे भुताचं झाडही म्हणतात. आणि टर्नबुल यांनी १९५८ मध्ये नॉर्मा गिल या स्वतः इलिओस्टॉमी असलेल्या बाईंना रुग्णांना शिकवण्याच्या कामावर घेतलं. आपल्या सिस्टरांचा पेशा तिथून सुरू झाला. तेव्हा रंकाळा, मुक्ताई, शिकवण्याची ही परंपराच मुळात पिशवीवाल्यांची आहे.

साधा_माणूस

वाचतोय सगळं. माझं वय २६, कायमची कोलोस्टॉमी. घरी स्थळं बघायला सुरुवात झाली आहे. आई म्हणते, लग्न ठरेपर्यंत बोलू नकोस. मला ते पटत नाही. पण कधी सांगायचं?

गोदाकाठ

पहिल्याच भेटीत, पत्रिका देण्याच्याही आधी, मध्यस्थामार्फत. ज्यांना नको त्यांनी येऊच नये. आमच्या मुलीच्या बाबतीत आम्ही तसंच करणार आहोत. चहा-पोहे करून मग नकार ऐकायचा, हे तिच्या वाट्याला नको.

रानजाई

काकू, तुमची काळजी समजते, तरी माझं मत वेगळं आहे. मध्यस्थाने सांगितलं की ऐकणाऱ्याच्या डोक्यात फक्त 'पिशवी' राहते, माणूस राहत नाही. शिवाय ती गोष्ट आपली आहे, गावभर फिरायची नाही. मी आधी दोनतीनदा भेटले, बोलणं पुढे जाईल असं दोघांना वाटायला लागलं तेव्हा स्वतः सांगितलं. साखरपुड्याच्या खूप आधी. एकाने नंतर फोन उचलला नाही. वाईट वाटलं, फार वाटलं. दुसऱ्याने विचारलं, "दुखतं का?" त्याच्याशी अजून बोलणं चालू आहे.

साधा_माणूस, लग्न ठरल्यावर सांगणं मात्र अजिबात नको. ती फसवणूक होईल आणि त्या मुलीच्या मनातून ती कधी जाणार नाही. आणि शरीरसंबंध, मूल यांबद्दलचे प्रश्न आधी तुझ्या सर्जनना विचारून घे. गुदाशयाच्या भागात ऑपरेशन झालं असेल तर काही नसांवर परिणाम होऊ शकतो, प्रत्येकाचं वेगळं असतं. उत्तर माहीत असेल तर समोरच्या मुलीशी बोलताना चाचपडायला होत नाही. मुलींनाही हेच सांगेन. स्टोमा असताना गर्भारपण आणि बाळंतपण झालेल्या पुष्कळ बायका आहेत. पण पुढचं ऑपरेशन, विशेषतः जे-पाउच (लहान आतड्याचीच पोटाच्या आत पिशवी करून ती गुदद्वाराला जोडतात ते), करायचं असेल तर त्याचा मूल होण्यावर काय परिणाम होऊ शकतो ते आधी विचारा. मी जे-पाउच सध्या नको असं ठरवलं आहे, त्यामागे हेही एक कारण आहे.

साधा_माणूस

मनापासून आभार. आईशी या शनिवारी बोलतो.

स्टोमा_सिस्टर

खेळ आणि व्यायामाबद्दल कोणीच विचारलं नाही, म्हणून मीच सांगते. ऑपरेशननंतर सहा-आठ आठवडे जड उचलायचं नाही. भरलेली बादली, गॅसची टाकी, तान्हं भावंडंही नाही. स्टोमाशेजारी हर्निया होऊ शकतो आणि तो झाला की प्लेट बसवणं कठीण जातं. चालणं मात्र पहिल्या दिवसांपासून. पुढे सर्जननी हो म्हटलं की पोहता येतं, पळता येतं, सिंहगड चढता येतो. अमेरिकन फुटबॉलमधला रोल्फ बेनिर्श्के नावाचा खेळाडू १९७९ मध्ये अशाच आजाराने मरता मरता वाचला, पोटावर पिशवी घेऊन पुढच्याच वर्षी मैदानात परतला आणि १९८६ पर्यंत व्यावसायिक खेळत राहिला. धक्काबुक्कीचा खेळ आहे तो.

आणि उन्हाळ्यात प्लेटा गाडीच्या डिकीत किंवा खिडकीत ठेवू नका, गोंद वितळतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत घामाने प्लेट लवकर सुटते, तिथे बदलण्यातलं अंतर कमी धरा.

रंकाळा_०५

ताई, सिस्टर, काल मी स्वतः बदलली. भोक थोडं वाकडं कापलं गेलं पण गळली नाही. आई बाहेर होती. एका मित्रालाही सांगितलं. तो म्हणाला, "मग लेका, फोन का उचलत नव्हतास?" एवढंच.

पुढच्या सत्रापासून हॉस्टेलला जायचं म्हणतोय. बाबा अजून तयार नाहीत. तिथे मजल्यावर सामाईक संडास-बाथरूम आहेत, सकाळी रांग लागते. सगळे भारतीय पद्धतीचे. कसं जमवू?

रानजाई

शाब्बास! फार बरं वाटलं.

रांग टाळायला पाच-साडेपाचला उठ. तशीही तुझी बदलायची वेळ तीच. भारतीय संडासात उकिडवं बसून पिशवीचं तोंड पुढून खाली सोडायचं, आधी थोडं पाणी ओतून ठेवलं की शिंतोडे उडत नाहीत. पिशवी आणि प्लेट संडासात टाकायची नाही, तुंबतं. वर्तमानपत्रात गुंडाळून, काळ्या पिशवीत गाठ मारून कचऱ्यात. दाराला खिळा नसतो, म्हणून गळ्यात अडकवता येईल अशी छोटी थैली घे : आधीच कापून ठेवलेल्या दोन प्लेटा, दोन पिशव्या, ओले आणि कोरडे रुमाल, स्टोमा पावडर, काळ्या पिशव्या, एक अंडरपँट. आधीच कापून ठेवायचं कारण घाईत कात्री चालवायची नाही. असाच दुसरा संच कॉलेजच्या दप्तरात. बसमध्ये गर्दी असली की दप्तर पोटावर घ्यायचं. मुंबईच्या लोकलमध्ये सगळेच घेतात, कोणी बघत नाही.

वॉर्डनना एकदा बाबांबरोबर भेट, तळमजल्याची किंवा संडासाजवळची खोली माग. डॉक्टरांची चिठ्ठी न्यायची, ती पाहिली की पुढचे प्रश्न कमी होतात. मेसमध्ये ताक आणि जास्तीचं मीठ मिळेल का ते विचार. सांगलीत सामान कुठे मिळतं ते जायच्या आधी शोध, नाहीतर महिन्याभराचं घरून ने.

बाबांसाठी : आधी दोन रात्री त्या मित्राच्या घरी राहून ये, कोल्हापुरातच. सगळं स्वतः कर, फोन करून विचारू नकोस. त्यांना तुझ्या शब्दांपेक्षा त्या दोन रात्री जास्त पटतील. ओआरएस किती न्यायचं ते सिस्टर सांगतीलच.

स्टोमा_सिस्टर

दहा पाकिटं ने. आणि सांगलीतल्या एखाद्या सर्जनचा नंबर तुझ्या डॉक्टरांकडून घेऊन ठेव. कधी दिवसभर पातळ येत राहिलं तर कोल्हापूर गाठायची वाट बघायची नाही, तिथेच सलाइन लावून घ्यायचं.